शिक्षणाचा रकाना

शनिवार, १ ऑगस्ट

ही वही बाईंनी दिली. बाई म्हणजे विद्यापीठातल्या रसायन विभागाच्या प्रमुख. म्हणाल्या, "काका, आमच्याकडे शिकवायला नवीन येणाऱ्याने रोजनिशी ठेवायची असते. काय शिकवलं, काय जमलं, काय फसलं. कुणी वाचणार नाही, पण लिहा." कुणी वाचणार नाही तर लिहायचं कशाला, हे विचारायचं राहून गेलं. माझं असंच होतं. विचारायचं ते राहतं आणि मग घरी आल्यावर आठवतं.

पहिल्यापासून लिहितो. याच विभागात अडतीस वर्षं मी काचेचं काम केलं. संशोधन करणाऱ्यांना जसं लागेल तसं, चार तोंडांचे चंबू, नळीला नळी जोडलेली वेडीवाकडी उपकरणं, सगळं गॅसच्या दिव्यावर काच तापवून, फुंकून करायचं. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली. माझ्या जागेवर पुढे कुणी नेमलं नाही. आता एवढीशी नळी तुटली तरी बाहेर पाठवावी लागते आणि तीन महिने वाट बघावी लागते. म्हणून बाईंनी ठरवलं की मुलांनी स्वतःच काच जोडायला शिकायचं. अर्ध्या सत्राचा वर्ग, सोमवारी आणि गुरुवारी.

"आणि शिकवणार कोण?" मी विचारलं.

"तुम्ही."

मी म्हटलं, "बाई, माझं शिक्षण..." तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. हात वर करून म्हणाल्या, "ते मी बघते."

मग तीन पानी अर्ज पुढे केला. "मी भरलाय, तुम्ही फक्त सही करा." वाचायचा चष्मा घरी राहिलेला. तरी दुसऱ्या पानावर 'शिक्षण' हा रकाना तेवढा ओळखता आला, कारण तो शब्द मोठ्या ठशात होता. त्यापुढे बाईंनी हाताने काहीतरी लिहिलं होतं. चांगल्या दोन ओळी भरून.

मी सही केली.

घरी येऊन विचार करतोय. मी सातवी पास. सातवी लिहायला दोन ओळी लागत नाहीत.

सोमवार, ३ ऑगस्ट

पहिला तास. जावयाचा जुना कोट घातला. बाह्या दोन बोटं लांब आहेत, पण हात खाली सोडून उभं राहिलं की कळत नाही. खोली जुनीच, माझीच, पण दारावर नवी पाटी आहे, 'अतिथी अध्यापक'. येता-जाता रुमालाने पुसली.

विद्यार्थी पाच. एक उंच मुलगा, एक टोपीवाला, दोघी मैत्रिणी (एकमेकींशिवाय श्वाससुद्धा घेत नाहीत) आणि एक बारीक मुलगी. सगळे पदव्या घेतलेले. मला 'सर' म्हणाले. मी मागे वळून पाहिलं, की कोण आलं.

ग्रंथालयातल्या पुस्तकातून बारा पानं उतरवून नेली होती. 'काच हा घन आणि द्रव यांच्या सीमारेषेवरील पदार्थ होय' इथून सुरुवात. सगळी वाचली. टोपीवाल्याने जांभई दिली ती मी पाहिली, आणि मी पाहिलेलं त्याने पाहिलं.

हिने घरी विचारलं, "कसं झालं?"

"छान झालं. सगळे शांत होते."

"झोपले असतील," ही म्हणाली. मग म्हणाली, "आणि आरशासमोर उभं राहून 'विद्यार्थी मित्रहो' म्हणणं बंद करा. शेजारचे विचारतात कोण पाहुणे आलेत."

गुरुवार, ६ ऑगस्ट

आणखी नऊ पानं. उंच मुलाने विचारलं, "सर, दिवा कधी पेटवायचा?"

"क्रमाने," मी म्हणालो. हा शब्द चांगला आहे. सर लोक वापरतात.

खरं म्हणजे दिवा पेटवायची मलाच भीती वाटते. दिवा पेटला की मी कसा होतो ते मला ठाऊक आहे.

सोमवार, १० ऑगस्ट

आज फार वाईट झालं.

दिवा पेटवावाच लागला, पानं संपली होती. उंच मुलाने नळी आगीत धरली ती एखाद्याने पेन धरावं तशी, एका हातात, न फिरवता. पुढचं टोक लोंबायला लागलं. माझा तोल गेला. कोट काढून फेकला आणि ओरडलो, "अरे, केर काढतोयस का? फिरव ना! दोन्ही हात एका वेगाने फिरव! ही बघ, चालली खाली! अरे बाहेर काढ तिला! आगीत कुणी फुंकतं का, शहाण्या? बाहेर काढ, जरा थांब, आता फुंक. हळू! फुगा फुगवतोयस का वाढदिवसाचा?"

सरळ अरे-तुरे. आणि मोठ्याने. टोपीवाल्याच्या तर मनगटावर फटका मारला. नंतर सगळ्यांना एकेकाला पुढे घेऊन, त्यांच्या हातांवर हात ठेवून फिरवायला लावलं. अध्यापकाने असं करायचं असतं का? पुस्तकात तर कुठे नाही.

वर्ग संपल्याची घंटा झाली तरी एकही जण हलला नाही. आणखी अर्धा-पाऊण तास तिथेच. बहुधा घाबरली असावीत.

उद्या बाईंकडे तक्रार जाणार.

बुधवार, १२ ऑगस्ट

तक्रार आली नाही. बाई जिन्यात भेटल्या, हसल्या. त्या हसण्याचा अर्थ लागला नाही. रकान्याचं विचारावं म्हटलं, तर बरोबर दोन प्राध्यापक होते. चारचौघांत कसं विचारणार, बाई, माझ्या नावावर तुम्ही कोणती पदवी ठोकून दिलीत?

कारण तसंच काहीतरी असणार. माझ्यासारख्या माणसाला वर्गात उभं करायचं तर कागदोपत्री काहीतरी दाखवावं लागलं असेल. बाईंनी माझ्यासाठी खोटं लिहिलं. या विचाराने ऊर भरून येतो आणि घामही फुटतो.

सोमवार, १७ ऑगस्ट

त्या बारीक मुलीचे हात कापतात. मनात मी तिला थरथरी म्हणतो, तोंडावर अर्थातच नाही. नळी आगीजवळ नेली की सुरू. बाकीच्या चौघांना हा वर्ग हौसेचा आहे, पण तिला सक्तीचा. तिच्या प्रयोगाला काचेच्या नळ्यांची मोठी मांडणी लागते, तिच्यातलं काही ना काही रोज तुटतं. ती जोडता येत नसेल तर पुढच्या सत्रात प्रयोगशाळेत घेणार नाही, असं तिच्या मार्गदर्शकांनी स्पष्ट सांगितलंय. म्हणजे वर्ष गेलं.

तिने विचारलं, "सर, तुमचे हात कधीच कापले नाहीत?"

उमेदवारीच्या पहिल्या वर्षी माझे इतके कापायचे की काम शिकवणारे मिस्त्री मला 'पंखा' म्हणून हाक मारत. ते सांगणार होतो, अगदी ओठांवर आलं होतं. पण सरांचे हात कापलेले मुलांना कळलं तर काय राहिलं? "सरावाने जातं," एवढंच म्हणालो.

ती 'बरं' म्हणाली. ज्याला काहीच उपयोग झाला नाही असा माणूस जसं म्हणतो, तसं.

सोमवार, २४ ऑगस्ट

वर्ग चाललाय असं म्हणायला हरकत नाही. मी रोज ठरवून कोट घालून जातो आणि रोज पंधराव्या मिनिटाला तो खुंटीवर जातो. उंच मुलगा आता दिवा पेटवायच्या आधीच माझ्यासमोर हात करून उभा राहतो, "द्या सर कोट." याला आदर म्हणायचं की काय, कळत नाही.

आज स्टोअरकीपर डोकावला. हा माझ्याहून लहान, पण वीस वर्षांपासूनचा दोस्त. मुलं गेल्यावर टेबलाकडे बघून म्हणाला, "काय रे काचवाल्या, तुझी तेलाची वाटी कुठे गेली?"

ती वाटी माझ्या टेबलावर अडतीस वर्षं असायची. काच दोन प्रकारची, कडक आणि मऊ. दिसायला सारखीच, पण दोघींचा जोड कधी टिकत नाही, गार होताना तडकतो. ओळखायची सोपी रीत म्हणजे नळी खायच्या तेलात बुडवायची. कडक काच तेलात दिसेनाशी होते, मऊ काच दिसत राहते. मी प्रत्येक नवी नळी बुडवून बघायचो. मिस्त्रींची ताकीदच होती.

"ठेवली कपाटात," मी म्हणालो. "वर्गात कशी दिसेल ती? स्वयंपाकघरासारखं. शिवाय मुलांना वाटेल, यांना बघून कळत नाही का?"

"पूर्वी कळायचं?"

"पूर्वी मी सर नव्हतो."

तो बराच वेळ हसला. मग म्हणाला, "जपून हो, सर."

सोमवार, ३१ ऑगस्ट

पुढच्या सोमवारी परीक्षा. शंभर गुणांची, पन्नासला पास. गुण मी द्यायचे! आयुष्यभर मी काच बघून 'हं' म्हटलं किंवा 'फेक' म्हटलं. या दोहोंच्या मध्ये शंभर पायऱ्या कशा बसवायच्या?

थरथरीने आज पहिल्यांदा सरळ जोड केला. तो हातात घेऊन कितीतरी वेळ बसली होती. मी बाजूने गेलो आणि 'हं' म्हणालो. तिने वर बघितलं. डोळ्यांत पाणी होतं. धुराने असेल.

गुरुवार, ३ सप्टेंबर

परीक्षेचं सामान काढलं. स्टोअरकीपर डोळ्याच्या ऑपरेशनसाठी रजेवर, म्हणून बाईंनी किल्ल्या माझ्याकडे दिल्या. जाड नळ्या नव्या खोक्यातल्या मिळाल्या. बारीक नळ्या मात्र संपल्या होत्या. खालच्या फळीवर एक जुना गठ्ठा सापडला, वरची चिठ्ठी गळून पडलेली. जाडी अगदी हवी तेवढी. टोक उजेडात धरून बघितलं. ठीक वाटली.

उंच मुलगा आणि टोपीवाला गठ्ठा उचलायला आले होते. मागे उभे राहून बघत होते. टोपीवाला उंचाला म्हणाला, "बघ, सरांना नुसत्या नजरेने कळतं."

कान गरम झाले. चांगलं वाटलं, खोटं कशाला लिहू?

सोमवार, ७ सप्टेंबर

परीक्षा झाली. जाड नळीला मधोमध भोक पाडून त्यात बारीक नळी जोडायची. पाचही जण दिव्यापुढे, सगळ्यांनी जांभळा चष्मा लावलेला, मीही. हा चष्मा आगीतला पिवळेपणा खाऊन टाकतो, म्हणून त्यातून काच नीट दिसते.

अर्ध्यावर थरथरी म्हणाली, "सर, बारीक नळी फार लवकर मऊ होतेय."

"नळीला नावं ठेवू नकोस. हाताकडे बघ."

"पण सर, परवापर्यंत..."

"परीक्षा चालू आहे."

 तिचे हात पुन्हा कापायला लागले, सरळ होत आलेला जोड वाकडा झाला.

पाचही जोड भट्टीत ठेवले. रात्रभरात सावकाश गार होतील.

मंगळवार, ८ सप्टेंबर

भट्टी उघडली. पाचही जोडांना तडा. थरथरीच्या जोडाचे तर दोन तुकडे.

भट्टी लवकर गार झाली असणार, असं मी मनाला सांगितलं. हेडक्लार्क दारात उभा, गुण आजच पाहिजेत. मग तडा सोडून आकार बघून गुण दिले. अठ्ठावन्न, पंचावन्न, चौपन्न, बावन्न. आणि तिला अडतीस.

दुपारी यादी फलकावर लागली. तिने वाचली.  वर्गात येऊन आपलं टेबल ओल्या फडक्याने पुसलं, दिव्याचा कॉक बंद आहे ना ते बघितलं आणि गेली.

जेवण गेलं नाही. ही म्हणाली, "पित्त झालंय." पित्त नाही. पाच हात वेगवेगळे. पाचही जोड एकाच जागी कसे तडकतील?

बुधवार, ९ सप्टेंबर

सकाळी हिच्या नकळत छोट्या बाटलीत तेल घेतलं. नकळत कसलं, दारातच विचारलं, "विद्यापीठात भजी तळताय काय?"

खोलीत कुणी नव्हतं. कपाटातून वाटी काढली, तेल ओतलं, उरलेली बारीक नळी त्यात बुडवली.

दिसत राहिली. तेलात काडीसारखी उभी. दुसरी बुडवली, तिसरी बुडवली. सगळा गठ्ठा मऊ काचेचा, आणि जाड नळ्या कडक काचेच्या.

म्हणजे तिचं बरोबर होतं. नळी लवकरच मऊ होत होती. मऊ काचेने आग जास्त पिवळी होते, चष्मा नसता तर सगळ्यांना कळलं असतं. पण चष्म्याने तो पिवळेपणा खाल्ला. तिला डोळ्यांनी दिसलं नाही, हाताला कळलं. पाच आठवड्यांत तिच्या हाताला ते कळायला लागलं होतं, आणि मी तिला हाताकडे बघ म्हणालो.

अडतीस वर्षं कामगार होतो तेव्हा ही चूक एकदाही केली नाही. सर झालो आणि केली.

गुरुवार, १० सप्टेंबर

तास घेतला नाही. ताप आहे असं मुलांना कळवलं. खरंच अंगात कसर होती.

स्टोअरकीपरला फोन केला. एका डोळ्याला पट्टी, तरी जोरात बोलतो. "भट्टी बिघडली म्हण ना! ती दर महिन्याला बिघडते. कुणाला खोटं वाटणार नाही."

"आणि ती पोरगी?"

"पुढच्या वर्षी देईल."

मग मुलं नसतील अशी वेळ बघून हेडक्लार्कला भेटलो. गुण बदलता येतील का विचारलं. त्याने नियम काढून दाखवला. "पाठवलेले गुण बदलायचे तर शिक्षकाने लेखी कारण द्यायचं. ते समितीपुढे जातं. बुधवारीच बैठक आहे. सोबत शिक्षकाची फाईल."

"फाईल कशाला?"

"त्याशिवाय कसं कळणार त्यांना, तुम्ही कोण आहात ते?"

 फाईल उघडली की दुसरं पान. दुसऱ्या पानावर तो रकाना. त्यातल्या दोन ओळी. माझं काय, मी घरी बसेन, तसाही सहा वर्षं बसलोच होतो. पण खोटं लिहिणाऱ्या बाईंचं काय होईल?

हिला सगळं सांगितलं. पहिल्यापासून. ही भाजी निवडत होती, ती बाजूला ठेवली.

"बाईंनी काय लिहिलंय, विचारलंत का त्यांना?"

"नाही."

"सहा आठवडे?"

"संधीच मिळाली नाही."

"धन्य आहात," ही म्हणाली. "आता जा आणि विचारा."

गेलो. बाई परगावी. थेट बुधवारी बैठकीलाच येणार. फोन करायचा धीर झाला नाही. असल्या गोष्टी फोनवर विचारतात का?

शनिवार, १२ सप्टेंबर

दोन दिवस हेच. लिहिलं तर बाई अडकतात. नाही लिहिलं तर त्या मुलीचं वर्ष जातं. बाईंनी माझ्यासाठी एवढं केलं आणि मी त्यांनाच खड्ड्यात घालू?

आज सकाळी ही म्हणाली, "मला एक सांगा. त्या पोरीने काय केलं होतं?"

"काही नाही."

"मग जिने काही केलं नाही तिला सोडवा आधी. बाई मोठ्या आहेत, त्यांचं त्या बघतील."

चार कागद फाडले. पाचव्यावर लिहिलं ते असं:

'परीक्षेसाठी मी चुकीच्या काचेच्या नळ्या दिल्या. त्या तपासायची रीत मला माहीत होती. मुलांसमोर कमीपणा वाटला म्हणून तपासल्या नाहीत. एका विद्यार्थिनीने परीक्षेतच चूक सांगितली, मी ऐकलं नाही. तिला अडतीस गुण दिले ते माझ्या चुकीचे आहेत. पाचही जणांची परीक्षा परत घ्यावी. माझ्याबद्दल जो निर्णय होईल तो मान्य. मला इथे आणणाऱ्यांचा यात दोष नाही.'

शेवटचं वाक्य हिला वाचून दाखवलं. म्हणाली, "सातवी पास माणसाला बरं लिहिता येतं."

सोमवार, १४ सप्टेंबर

अर्ज हेडक्लार्ककडे दिला आणि वर्गात गेलो. कोट नेला नव्हता. उंच मुलगा हात पुढे करून उभा होता, त्याने तो हळूच मागे घेतला.

थरथरीही आली होती. मला वाटलं नव्हतं येईल.

टेबलावर वाटी ठेवली, तेल ओतलं. दोन नळ्या बुडवल्या, एक कडक, एक मऊ. एक दिसेनाशी झाली. दोघी मैत्रिणी एकदम 'अय्या' म्हणाल्या. मग मी सगळं सांगितलं. वाटी का लपवली तेही. आणि तिच्याकडे बघून म्हणालो, "तुझं बरोबर होतं. मी तुला गप्प केलं. माझं चुकलं."

 टोपीवाला म्हणाला, "म्हणजे सर, आम्ही काठावर पास झालो ते आमच्यामुळे नव्हतं?"

"नव्हतं."

"आणि मी घरी सांगितलं की माझी लायकीच तेवढी आहे!"

सगळे हसले. ती हसली नाही. म्हणाली, "सर, मला वाटलं, मलाच तसं वाटतंय. म्हणून परत बोलले नाही."

मग मी त्यांना मिस्त्रींचं सांगितलं. मला पंखा म्हणायचे ते. महिनाभर दिवा न पेटवता नुसती गार नळी फिरवायला लावली होती ते. मी शाळा कितवीत सोडली तेही सांगून टाकलं, आता राहिलंच काय होतं. कुणाच्या चेहऱ्यावर काही हललं नाही. नीट ऐकू गेलं नसावं.

"मग कापायचे थांबले कधी?" तिने विचारलं.

मी हात पुढे केले. "थांबले नाहीत. हे बघ. नळी फिरत असली की दिसत नाही, इतकंच."

तिने माझे हात बघितले. सगळ्यांनीच बघितले. मग ती आपल्या टेबलाशी गेली आणि एक गार नळी घेऊन फिरवत बसली.

बुधवार, १६ सप्टेंबर

हे सगळं नीट लिहायला पाहिजे. 

समितीत चार माणसं, आणि एका टोकाला बाई. मी दाराजवळच्या खुर्चीवर. अध्यक्षांनी माझा अर्ज वाचला. मग म्हणाले, "फाईल बघू." दुसरं पान उलटलं. मी डोळे मिटले.

त्यांनी मोठ्याने वाचलं. "शिक्षण, इयत्ता सातवी. या विभागात आजवर मान्य झालेल्या प्रबंधांपैकी एकोणीस प्रबंधांची उपकरणं यांनी स्वतःच्या हातांनी घडवली. त्यांपैकी एक प्रबंध माझा."

खाली बाईंची सही.

"हे आपण जुलैमध्येच मंजूर केलंय," अध्यक्ष म्हणाले. "मग आता शंका काय आहे?"

शंका कुणालाच नव्हती. सगळ्यांना पहिल्या दिवसापासून माहीत होतं. न वाचता सही करणारा मी एकटाच होतो.

  पन्नास वर्षांपूर्वी शाळा सुटली ती लाज, वाटलं होतं आज सगळ्यांपुढे बाहेर येणार. आली, आणि तिच्यामागे दुसरी ओळ होती.

निर्णय झाला. जुने गुण रद्द, पाचही जणांची परीक्षा सोमवारी परत. एका सदस्याने मला विचारलं, "शिक्षकांनी असा अर्ज दिलेला मी तरी पाहिला नाही. तुम्ही का दिलात?"

"साहेब, दुसरा कसा देतात ते माहीत नाही," मी म्हणालो. ते हसले. मी विनोद केला नव्हता.

बाहेर आल्यावर बाई म्हणाल्या, "काका! सहा आठवडे? विचारायचं नाही?"

"दोन ओळी होत्या, बाई. मला वाटलं, सातवीला दोन ओळी कशाला?"

"सातवीला दोनच शब्द लागले," त्या म्हणाल्या. "आणि काका, नळ्या न तपासता दिल्यात त्याबद्दल मी तुमच्यावर रागावले आहे. ते वेगळं."

बरं वाटलं. त्या रागावल्या तेव्हाच खात्री पटली की मला अध्यापक म्हणून धरलंय.

कोणता प्रबंध त्यांचा, हे आठवायचा घरी आल्यापासून प्रयत्न करतोय. दोन वेण्या घालणारी एक मुलगी होती. एकच चंबू तीनदा फोडला होता आणि तीनदा मी बोलणी ऐकवली होती. त्याच असतील काय? मग तर मोठीच पंचाईत.

सोमवार, २१ सप्टेंबर

परीक्षा झाली. सगळ्यांनी आपापल्या नळ्या तपासून घेतल्या. मी मागच्या बाकावर बसलो आणि तोंडातून शब्द काढला नाही. फार जड गेलं. मुलांना जोड करताना बघणं हे स्वतः करण्यापेक्षा कितीतरी थकवणारं काम आहे. सर लोकांबद्दलचं माझं मत पुष्कळ बदललं.

ही म्हणाली, "आज बरे दिसताय." दिसत असेन.

मंगळवार, २२ सप्टेंबर

भट्टी उघडली. पाचही जोड अखंड. एकेक हातात घेऊन उजेडात फिरवला. माझ्यानंतर या खोलीत काही होणार नाही, असं मी सहा वर्षं धरून चाललो होतो. उगाच चाललो होतो.

गुण लिहिले. तिला चौऱ्याहत्तर. यादी पाठवायच्या आधी पाचही जणांना बोलावून आपापला जोड दाखवला, की हे असं, म्हणून एवढे. चौघं खूश होऊन गेले. टोपीवाल्याने माझ्यापुढे वाकून टोपी काढली. तिच्याखाली बरंच टक्कल आहे, मला कल्पना नव्हती.

ती गेली नाही. जोड डोळ्यांजवळ धरून उभी.

"सर, चौऱ्याहत्तर जास्त आहेत."

"का?"

"आतून बघा. या बाजूला बारीक कडा राहिलीय. बाहेरून दिसत नाही. पण यात घाण अडकेल, आणि प्रयोगात ती त्रास देईल."

मी बघितलं. दिसलं नाही. खिडकीशी जाऊन बघितलं, भिंग घेऊन बघितलं. तेव्हा दिसली. केसाएवढी. ती माझ्या नजरेतून सुटली होती, तिच्या सुटली नव्हती.

"एक गुण कमी करतो," मी म्हणालो.

"तीन करा, सर."

"तीन फार झाले. एवढीशी तर कडा आहे."

"तुम्ही दिव्यापुढे असतात तर एवढ्याशा कडेला 'फेक' म्हणाला असतात."

"तोंड फार चालायला लागलंय तुझं."

"तुमच्यामुळेच, सर."

दोनवर तोडलं. बहात्तर लिहिले आणि खाली सही केली. शाई वाळेपर्यंत ती तिथेच उभी राहिली. मी आकडा परत वाढवीन, अशी तिला भीती असावी.